शिडीवरच्या माणसाला कोण सांगणार? आमच्या शाळेच्या विश्वस्त मंडळींना खुलं पत्र

आदरणीय विश्वस्त मंडळी,

स.न.वि.वि.

मी तुमचा वायरमन. रिटायर होऊन दोन वर्षं झाली पण पंपाचा स्टार्टर ट्रिप झाला की फोन अजून मलाच येतो, तेव्हा 'तुमचा' म्हणायला हरकत नसावी. शाळेचं नाव इथे लिहीत नाहीये, संस्थेचंही नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मला संस्थेची बदनामी करायची नाही, माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली आणि धाकटीची फी तीन वर्षं माफ होती ते मी विसरलेलो नाही. पण ऑफिसात दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा "साहेबांना देतो काका" म्हणून ठेवून घेतला, पोचसुद्धा मिळाली नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि हे एका शाळेपुरतं नाहीच मुळी. बडोद्यात रावपुऱ्यापासून मकरपुऱ्यापर्यंत ज्यांच्या पार्किंगवर, सायकल स्टँडवर, मंगल कार्यालयाच्या मागच्या स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे आहेत त्या सगळ्यांनी वाचावं.

विषय तुम्हाला माहीत आहे. बोर्डावर नोटीस लागली आहे की "विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने" दिवाळी वेकेशनच्या २१ दिवसांत जुन्या इमारतीवरचे सगळे ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढून नवे कलरवाले पत्रे बसवणार. कुणा पालकाने व्हॉट्सॲपवर काहीतरी फिरवलं, पेरेंट्स मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला आणि आठ दिवसांत ठराव पास. मुलांची काळजी वाटली, चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की ते पत्रे आपोआप उतरणार नाहीयेत. कुणीतरी माणूस वर चढणार, बोल्ट काढणार, पत्रा कापणार, फोडणार, खाली आणणार, झाडून टाकणार, आणि त्या माणसाबद्दल नोटिशीत एक ओळ नाही.

लॅबच्या इमारतीचं काम मे महिन्यात झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. पंखे उतरवून वायर काढून द्यायला मला बोलावलं होतं. कंत्राटदाराची माणसं दाहोदकडची, दोन जोडपी आणि तीन-चार पोरं अठरा-वीस वर्षांची. जे-बोल्ट गंजून चिकटलेले, पान्याला दाद देईनात, मग एकाने ग्राइंडर काढला आणि बोल्ट कापत बसण्यापेक्षा सरळ पत्राच कापायला घेतला कारण ते लवकर होतं. पांढरा धुरळा असा उठला की पिठाच्या गिरणीत उभं असल्यासारखं वाटत होतं. खाली दोन बायका तुकडे टोपल्यात भरून डोक्यावरून नेत होत्या, त्यांच्या केसांवर, पापण्यांवर पांढरं, आणि पलीकडे कडुनिंबाला बांधलेल्या झोळीत त्यांच्यातल्या एकीचं सहा-सात महिन्यांचं पोर झोपलेलं. दुपारी त्याच सावलीत बसून सगळ्यांनी रोटला खाल्ला. संध्याकाळी केरसुणीने कोरडंच झाडलं, परत तेवढाच धुरळा. मास्क होते का विचाराल तर होते, कोरोनातले उरलेले निळे, ऑफिसनेच दिले होते, दोघांच्या हनुवटीवर आणि एकाच्या खिशात. नीट लावले असते तरी फरक पडला नसता म्हणा, ते कसं ते पुढे सांगतो.

तेव्हाही नोटिशीत हेच शब्द होते, विद्यार्थ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने. आणि बोर्डापासून ती झोळी पंधरा पावलांवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सिमेंटचा पत्रा म्हणतो आपण पण त्यात नुसतं सिमेंट नसतं, साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतं. जमिनीतून निघणारं खनिज, आहे दगडच पण कापसासारखे तंतू सुटतात त्याचे. त्या तंतूंमुळे पत्र्याला ताकद येते, तो गंजत नाही, पेटत नाही, टिनासारखा तापत नाही, पाऊस पडला की डोक्यावर ढोल वाजत नाहीत, आणि स्वस्त. बडोद्याच्या मे महिन्यात ज्याने टिनाखाली एक दिवस काढलाय त्याला विचारा हा पत्रा लोकांना का आवडायचा. वाईट माल आहे हे माहीत असून कुणी लावला नव्हता, हे पण सांगायला पाहिजे.

तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेत तोवर फारसं काही होत नाही. पत्रा धड असेल, तडकलेला नसेल, तर त्याच्याखाली बसून पाढे म्हणणाऱ्या मुलाच्या नाकात त्यातून रोज विष पडतंय असं काही नाही. खरा प्रश्न येतो पत्र्याला हत्यार लागतं तेव्हा. कापला, घासला, भोक पाडलं, फोडला की तंतू मोकळे होतात, आणि ते उभे चिरत चिरत इतके बारीक होत जातात की डोळ्याला दिसतच नाहीत, जे पांढरं दिसतं तो तर जाड माल, तो खाली बसतो, न दिसणारे तासन् तास हवेत राहतात. ते नाकाच्या केसांत अडकत नाहीत, फुप्फुसात खोल जातात. तिथे शरीराच्या सफाईवाल्या पेशी असतात, त्या गिळायला जातात पण तंतू पेशीपेक्षा लांब, धड गिळता येत नाही धड टाकता येत नाही, मग तो तिथेच राहतो. वीस वर्षं, तीस, चाळीस. मग कुणाचं फुप्फुस हळूहळू कडक होत जातं, त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात, कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर, कुणाला फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा म्हणून कॅन्सर असतो तो. बिडी ओढणारा असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका दोन्ही मिळून कितीतरी पटींनी वाढतो, आणि आमच्यात बिडी कोण ओढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था आहे, तिने ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार पहिल्या गटात टाकलेत, म्हणजे माणसाला कॅन्सर करतं की नाही ही शंका संपलेला गट. पांढरं चालतं निळं चालत नाही असं काही नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण दुसऱ्यावर बोट दाखवायच्या आधी ते सांगायला पाहिजे.

सत्तावीस वर्षं मी या शाळेत पत्र्यांना भोकं पाडली. पंख्याच्या हुकासाठी, ट्यूबलाइटच्या पट्टीसाठी, गॅदरिंगला स्पीकर टांगायला, सीसीटीव्ही आले तेव्हा तर महिनाभर रोज. शिडीवर चढायचं, डोक्यावर ड्रिल धरायचं, भोक पडलं की तोंडाने जोरात फुंकर मारून साफ करायचं म्हणजे बोल्ट नीट बसतो. ही फुंकर मला माझ्या उस्तादांनी शिकवली आणि मी माझ्या चार हेल्परांना शिकवली. शिडी धरणारा पोरगा खालून वरच बघत असतो ना, उस्ताद पडतोय का ते बघायला, तोंड अर्धं उघडं, सगळा चुरा त्याच्याच तोंडावर. हसायचो आम्ही त्याला, पावडर लावून आलाय म्हणायचो. घरी गेलो की शर्ट काढून बायको गॅलरीत झटकायची. सत्तावीस वर्षांत एकदाही कुणी मला, आणि मी कुणाला, सांगितलं नाही की यात काय आहे. तुम्हाला पण माहीत नव्हतं हे मी मान्य करतो. पण आता माहीत आहे ना? तुमच्या ठरावातच लिहिलंय की हे आरोग्याला घातक आहे. ठरावाच्या फाइलमधलं ते वाक्य शिडीपर्यंत का पोचत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि माझे बाबा. ते मिलमध्ये बॉयलरवर होते, तेव्हा आपल्या शहरात मिलचे भोंगे होते, पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, बायका त्यावर स्वयंपाकाची वेळ धरायच्या. बाबांचं काम वाफेच्या पाइपांना लेप द्यायचं. पोत्यातली पांढरी पावडर पाण्यात कालवून हाताने थापायची, भाकरी थापतात तशी, वर कापड गुंडाळायचं, आणि जुना लेप खराब झाला की छिन्नीने खरवडून काढायचा, तो कोरडा. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. पुढे खोकला लागला, जिना चढताना मध्ये थांबायला लागले, दोनदा टीबीची औषधं झाली, फरक पडला नाही, एकसष्टाव्या वर्षी गेले. ते ॲस्बेस्टॉसनेच गेले असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे कागदच नाही, त्या पोत्यात काय होतं त्याचा नाही, एक्सरेचा नाही, ते बॉयलर हाउसमध्ये किती वर्षं होते त्याचा पण नाही. मिल बंद झाली आणि रजिस्टरं रद्दीत गेली. मला राग त्याचाच आहे.

ही कागदाची गोष्ट मी मनाने काढलेली नाही. अहमदाबादच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर, ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी सुप्रीम कोर्टात केस केली होती, २७ जानेवारी १९९५ ला निकाल लागला. धाकटीने मला शोधून वाचून दाखवला. कोर्टाने सांगितलं की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि प्रत्येक कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड तो कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत, सांभाळायचं. ४० वर्षं! कारण दुखणं तेवढ्या उशिरा येतं हे कोर्टाला तेव्हाच कळलं होतं. पण तो निकाल खाणीतल्या आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी, जिथे ॲस्बेस्टॉसचा माल बनतो तिथला. बनलेल्या मालाला पुढे पन्नास वर्षं जो भोकं पाडत बसतो तो वायरमन, प्लंबर, कडिया म्हणजे गवंडी, रंगारी, त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात असणार? कामगारांच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था अहमदाबादला आहे, केस करणारे अहमदाबादचे, आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि इथे आमच्या शाळेत फुंकर चालू.

ब्रिटनमध्ये १९९९ साली सगळ्याच ॲस्बेस्टॉसवर बंदी आली, तरी अजून दरवर्षी २,००० च्या वर माणसं तिथे एकट्या मेसोथेलिओमाने जातात, आणि त्यात सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असे इमारतीत काम करणारे खूप. म्हणजे माल बंद झाला तरी भिंतीत, छतात बसलेला आहे तो आहेच. म्हणून त्यांनी नियम केला की ज्याच्या ताब्यात इमारत त्यानेच शोधायचं कुठे कुठे ॲस्बेस्टॉस आहे, त्याची यादी करायची, हालत लिहायची, आणि जो कोणी तिथे हत्यार चालवणार त्याला आधी ती यादी दाखवायची. बस, एवढंच. त्याला रॉकेट लागत नाही. आपल्याकडे खाणींचे परवाने कधीचे बंद झाले पण बाहेरून ॲस्बेस्टॉस आणून पत्रे बनवायला बंदी नाही, तेव्हा "साहेब, बाजारात उघड मिळतं मग वाईट कसं" असं कंत्राटदार म्हणतो आणि त्याला उत्तर देताना माझीच पंचाईत होते. तंबाखू पण उघड मिळते, असं मी म्हणालो एकदा, तो मावा चोळत हसला.

आता तक्रारी. क्रमाने लिहितो, लहान-मोठ्या सगळ्या.

पहिली. कुणी काही तपासलंच नाही. पत्रे दिसतात म्हणून पत्रे काढायचा ठराव झाला. जुन्या इमारतीत मला माहीत असलेल्या जागा सांगतो, त्यातल्या प्रत्येकात असेलच असं नाही पण असू शकतं: पावसाच्या पाण्याचे राखाडी पाइप, संडासाच्या मागचे हवेचे पाइप, मेन स्विचरूममध्ये फ्यूजच्या मागे बसवलेला जाड बोर्ड, होस्टेलच्या गरम पाण्याच्या बंबाच्या दाराला गुंडाळलेली पांढरी दोरी, धाब्यावरची मोडकी टाकी, हॉलच्या सीलिंगचे बोर्ड. यांचं काय? आणि उलट पण आहे, सायकल स्टँडचे पत्रे नंतर बसवलेत, आता ॲस्बेस्टॉस नसलेले पण तसेच दिसणारे पत्रे मिळतात, ते कदाचित तसले असतील. नुसतं बघून कुणालाच कळत नाही, मला नाही, कंत्राटदाराला नाही. तुकडा लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघायला लागतो. एवढा मोठा खर्च मंजूर केला आणि चार नमुने तपासायला दिले नाहीत.

दुसरी. काम करणाऱ्यांना सांगितलं नाही. मी त्या दाहोदच्या पोरांना विचारलं, हे काय आहे माहितीये का, म्हणाले सिमेंट. कंत्राटदाराला विचारलं, म्हणाला सिमेंटच तर आहे काका, घरी मी पण त्याच्याचखाली झोपतो.

तिसरी, भंगार. लॅबचे फुटके पत्रे मैदानाच्या मागे कांसेच्या, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या नाल्याच्या, काठावर टाकलेत, थोडे खड्ड्यात घालून वरून माती लोटली, तिथे आता स्कूटर पार्क होतात. चाकाखाली रोज भरडतायत ते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुमच्यातल्या निम्म्यांनी घरात गुडघाभर बघितलंय, परत आलं तर तो ढीग कुठे जाईल? घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यांच्या यादीत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस नावानिशी आहे. ते कारखान्यासाठी लिहिलंय, शाळेसाठी नाही, असं तुमचे वकील म्हणतील. म्हणू द्या. तंतूला माहीत नसतं तो कारखान्यातून आलाय की शाळेतून.

चौथी तक्रार लिहायला मला जड जातंय कारण ते चांगल्या मनाने झालं. जे पत्रे धड निघाले ते "कामगारांना हवे असतील तर नेऊ द्या" असं तुमच्यातल्याच एका साहेबांनी सांगितलं. आपल्या सफाईवाल्या बेननी सहा नेले, वॉचमनने चार, चुलीच्या छपराला आणि बकऱ्यांच्या शेडला. म्हणजे आपल्या मुलांच्या डोक्यावरून काढून त्यांच्या मुलांच्या डोक्यावर. आणि लांबीला बसले नाहीत म्हणून त्यांनी घरी करवतीने कापले, अंगणात. त्यांनी मला आनंदाने सांगितलं, मी काय बोलणार.

पाचवी, पडण्याची. हा पत्रा वरून दगडासारखा दिसतो पण माणसाचं वजन घेत नाही, जुना झाला की तर कागद. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग काढायला चढलेली पोरं पत्र्यातून खाली येतात, बडोद्यात कुणाला सांगायला नको. सात-आठ वर्षांपूर्वी माझा हेल्पर माकडांनी सरकवलेला पत्रा नीट करायला चढला आणि थेट खालच्या बाकावर, मांडीचं हाड मोडलं, अजून लंगडतो. मे महिन्यात एकाही माणसाखाली फळी नव्हती, दोरी नव्हती, सगळे बोल्टच्या रांगेवर पाय ठेवून सर्कस करत होते.

सहावी, तीन कोटेशनं आली आणि सगळ्यात कमीवाल्याला काम दिलं. दुसऱ्या एकाने प्लास्टिक, पाण्याची फवारणी, मास्क असं काहीतरी लिहिलं होतं म्हणे, म्हणून त्याचा आकडा जास्त होता, म्हणून तो बाद. हे ऐकीव आहे, चूक असेल तर सांगा, मी हे वाक्य काढून टाकतो.

तुम्ही म्हणाल नीट करायचं तर खर्च दुप्पट होतो, संस्थेकडे पैसे कुठे आहेत. खरं आहे. मग माझं ऐका, काढूच नका. ऐकून धक्का बसेल, पत्र्यांविरुद्ध एवढं लिहून हा माणूस म्हणतो राहू द्या. पण खरंच, पत्रा धड असेल तर त्याला न छेडता ठेवणं हे घाईघाईने ग्राइंडर लावून काढण्यापेक्षा शंभर वेळा बरं. वरून-खालून रंगाचा जाड हात द्या (घासायचं नाही, घासलं की संपलं), तडे असतील तिथे बंद करा, कुणी चढणार नाही असं बघा, सहा-सहा महिन्यांनी कुणीतरी बघून लिहून ठेवा. पैसे जमले की चार वर्षांनी नीट माणसाकडून काढा. व्हॉट्सॲपवाल्या पालकांना हे समजावून सांगायला बसायला मी तयार आहे, माझं गुजराती त्यांच्याइतकंच चांगलं आहे.

मागण्या साध्या आहेत.

वेकेशनचं काम आत्ता थांबवा. आधी नमुने तपासून घ्या, आणि नमुना घेताना पण पाणी मारून, छोटा तुकडा, पिशवीत बंद करून, ज्याला येतं त्यानेच घ्यायचा.

एक नोंदवही करा. कुठे आहे, कसं आहे, शेवटचं कधी बघितलं. तिची एक प्रत प्रिन्सिपलबाईंच्या कपाटात नको, शिडी जिथे ठेवतात त्या स्टोअरच्या दारावर पाहिजे, गुजराती, हिंदी आणि मराठीत. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्या त्या जागेवर लाल रंगाचा पट्टा ओढा. लाल पट्टा दिसला की ड्रिल बंद, आधी विचारायचं. एवढं एक केलंत तरी मी अर्ध्या तक्रारी मागे घेईन. बाहेरचा कुणी आला, इंटरनेटवाला, एसीवाला, मंडपवाला, तर त्याला वही दाखवून सही घेतल्याशिवाय शिडी द्यायची नाही.

काढायचंच ठरलं तर: पत्रा आधी पाण्याने भिजवायचा, पाण्यात थोडा लिक्विड साबण टाकला की पाणी आत मुरतं. बोल्ट कापायचा, पत्रा नाही. ग्राइंडर गेटच्या आत यायला नको. अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली आणायचा, वरून फेकायचा नाही. पायाखाली फळ्या, कमरेला दोरी, खाली जाळी. कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पण कचऱ्यातच. मास्क एफएफपी३ किंवा पी३ वाला, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा, तोंडाला घट्ट बसणारा, निळा कापडी नाही, तो कडेने सगळं आत घेतो. दाढी असेल तर तो चांगला मास्क पण बसत नाही, हे पण त्यांना सांगायला लागेल. अंगावर टाकून द्यायचे ओव्हरऑल, काम संपलं की तिथेच काढायचे, हात-तोंड धुवायला पाणी, जेवायची जागा लांब. आणि बाळ असलेल्या बाईला त्या कामावर घ्यायचं नाही, पण तिची मजुरी पण कापायची नाही, दुसरं काम द्या.

काढलेला माल जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, वर लिहून, घातक कचरा घ्यायची परवानगी असलेल्या साइटवर पाठवायचा आणि त्याची पावती फाइलला. कुठली साइट ते जीपीसीबीला, म्हणजे गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला, विचारलं की सांगतात. कांसेवरचा ढीग आणि पार्किंगखालचा पण त्यातच.

बेनचे सहा आणि वॉचमनचे चार पत्रे संस्थेने परत घ्यावेत आणि त्यांना नवे टिनाचे द्यावेत, बसवून द्यावेत, उपकार म्हणून नाही.

शेवटचं, ज्यांनी ज्यांनी या पत्र्यांवर काम केलंय त्यांची यादी. माझे चार हेल्पर, जुने प्लंबरकाका, मेमधली सगळी माणसं बायकांसकट, मी. त्यांचा छातीचा एक्सरे आणि फुंकून बघतात ती फुप्फुसाची तपासणी संस्थेच्या खर्चाने, आणि रिपोर्टची प्रत ज्याची त्याच्या हातात. आज काही निघणार नाही बहुतेक, निघू पण नये. पण वीस वर्षांनी कुणाला खोकला लागला आणि डॉक्टरने विचारलं की काय काम करायचात, तर दाखवायला एक कागद असेल. माझ्या बाबांकडे नव्हता.

मी कोर्टात वगैरे जाणार नाही, त्या वयाचा राहिलो नाही. कंत्राटदाराची माणसं येतील त्या दिवशी सकाळी मी गेटवर उभा राहीन आणि त्यांना त्यांच्या भाषेत सांगेन की वर काय आहे. एवढं करायला मला तुमची परवानगी लागत नाही असं मला वाटतं.

नोंदवहीचं पहिलं पान मी करून ठेवलंय, दोनशे पानी वही, आठवतील तेवढ्या एकोणीस जागा लिहिल्यात, मेन स्विचरूमपासून सुरू करून. काल ऑफिसात शिपायाकडे दिली आणि या वेळी त्याच्याकडून पोच लिहून घेतली. पानाच्या खाली 'जबाबदार व्यक्ती' म्हणून रेघ मारून सहीची जागा सोडली आहे.

आपला,
शाळेचा जुना वायरमन
बडोदा